पोहता न येणाऱ्यांचा समुद्र

आम्हां टिळकवाडीकरांस समुद्र ठाऊक तो सहलीपुरता. पोहणे फार थोड्यांस येते. तरीही मालवणास गेले की तोंडाला नळी लावून प्रवाळ पाहण्याचा आग्रह होतो आणि कचरणाऱ्याची थट्टा होते. आम्हांस हे मुळीच मान्य नाही. सहल ठरवितानाच अशांचा विचार व्हावा. डॉल्फिन मासा नव्हे; फुप्फुसांनी श्वास घेण्यास त्याला वर यावेच लागते. तेव्हा लाईफ जॅकेट घालून तारकर्लीच्या होडीतूनच तो दुरून पाहावा. (दर्शन देणे अर्थात त्याच्या मर्जीवर!) होडीचेही भय वाटेल त्याने रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गाठावे. मार्च महिन्यात तेथे कासवांची इवली पिले वाळूवरून समुद्राकडे निघतात. पाहणाऱ्याला पाऊलही भिजवावे लागत नाही.