एक पासवर्ड, सात हात



सोलापुरातल्या एका ऑफिसात (नाव घेत नाही) लाभार्थ्यांच्या यादीतून दोन नावं गायब झाली. यादी सामाईक फोल्डरमध्ये होती. सात टेबलांवरून तो फोल्डर उघडायचा, एकाच लॉगिनने, एकाच पासवर्डने. कुणी पुसली? कुणास ठाऊक. शेवटी खापर फुटलं कंत्राटी ऑपरेटरवर, कारण फाईल त्याच्या मशीनवर उघडी सापडली. पोरगं म्हणतं, "सर, मी नुसती बघत होतो." ते खोटं बोलतंय हे सिद्ध करणारा पुरावा कुणाकडे नाही. खरं बोलतंय हे सिद्ध करणाराही नाही.

मी नेटवर्कची कामं करतो, म्हणून हे जास्तच लागलं. कारण हा प्रश्न सुटून जमाना झालाय.

एका मशीनवरच्या फाईली दुसऱ्या मशीनवरून आपल्याच असल्यासारख्या वापरायच्या, यासाठी सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ च्या सुमारास नेटवर्क फाईल सिस्टिम, म्हणजे एनएफएस, आणली. त्यात 'फाईल दे' असा मोघम निरोप नसतोच. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत २२ प्रकारचे निरोप ठरवून दिलेत. नाव शोध, वाच, लिही, नवीन फाईल कर, नाव बदल, पुस, सगळं वेगवेगळं. फाईलीला हात लावणाऱ्या निरोपासोबत मागणाऱ्याचा नंबरही जातो. मघाशी हो म्हटलं म्हणून आताही हो, असं सर्व्हर धरून चालत नाही, पुन्हा तपासतो.

त्यातला एक निरोप मला फार आवडतो. 'मला या फाईलीत काय काय करता येईल?' एवढंच तो विचारतो. त्यात वाचणं वेगळं, आहे ते बदलणं वेगळं, नवीन भर घालणं वेगळं आणि पुसणं वेगळं. बऱ्याच सर्व्हरवर भर घालणं आणि बदलणं शेवटी 'लिहिणे' या एकाच परवानगीत जातं हे खरं. पण ही दोन निराळी कामं आहेत, हे लिहिणाऱ्यांना कळलं होतं.

आणि हे काही परदेशी शहाणपण नाही. सातबारा बघा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. फेरफार तलाठी नोंदवतो, चावडीवर नोटीस लागते, संबंधितांना कळवतात, हरकतीला मुदत असते, आणि नोंद प्रमाणित करतो तो मंडळ अधिकारी. लिहिणारा हात वेगळा, मंजूर करणारा वेगळा. कमी झालेलं नाव नाहीसं करत नाहीत. ते कंसात जातं आणि फेरफार क्रमांक सोबत राहतो. लबाडी तिथंही होते, पण माग काढायला वाट असते. कागदावर जे आपण पाळत आलो, ते कॉम्प्युटर आल्यावर का सोडलं?

एनएफएसमध्येही खोट होती. जुन्या पद्धतीत मागणारं मशीन जो नंबर सांगेल, तो सर्व्हर खरा मानायचा. म्हणजे गड्ड्याच्या गर्दीत कुणी "मी पंचांचा माणूस" म्हणावं आणि आपण गेट उघडावं! म्हणून पुढं दोन गोष्टी आल्या. समोरच्या मशीनचा सर्वाधिकारी आपल्या सर्व्हरवर 'कुणीच नाही' धरायचा, अशी सोय झाली. आणि चौथ्या आवृत्तीने ओळख पक्की पटवण्याची सोय असणं सक्तीचं केलं. आपल्या ऑफिसात तर खोटा नंबरसुद्धा सांगावा लागत नाही. सगळ्यांचा नंबर एकच.

लोक म्हणतात, "वेगळे पासवर्ड दिले तर काम अडतं, साहेब रजेवर गेले की बसा." मान्य, अडचण खरी आहे. पण त्यावर उपाय म्हणजे रजेच्या दिवसांपुरता अधिकार दुसऱ्याच्या लॉगिनला देणं. साहेबांचा पासवर्ड मॉनिटरवर चिकटवणं नव्हे.

यासाठी टेंडर लागत नाही. आहे त्याच सर्व्हरवर प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या. बघणाऱ्याला फक्त बघू द्या. पुसण्याचा अधिकार एक-दोघांकडेच ठेवा. कुणी काय केलं याची नोंद चालू करा, ती आपोआप होत नसते.

आपली पतसंस्था, सोसायटी, शाळा, कार्यालय, जिथं आपलं नाव कुठल्या ना कुठल्या यादीत आहे, तिथं एकच प्रश्न विचारा: माझं नाव कोण पुसू शकतं, आणि पुसलं तर कळेल का?

उत्तर "सिस्टिममध्ये बघावं लागेल" असं आलं, तर समजा की बघायला तिथं काही नाहीच. आणि उद्या त्या पोराच्या जागी आपल्या घरातलं पोरगं असेल.