तुलुमची माणसे ‘लुप्त’ नेमकी केव्हा झाली?

१/ कॅरिबियन समुद्रातील क्रूझ जहाजे मेक्सिकोच्या कोसुमेल बेटाला लागतात. तेथून फेरीबोटीने प्लाया देल कार्मेन, पुढे बसने सुमारे ६० किलोमीटर, आणि प्रवासी तुलुमच्या तटाशी उतरतात. हाती तास-दीड तास. तेवढ्यात इगुआना दिसतात, निळ्या समुद्रापुढे छायाचित्रे निघतात आणि एक वाक्य हमखास कानी पडते: माया संस्कृती गूढरीत्या लुप्त झाली. हे वाक्य असत्य आहे. तुलुममध्ये उभे राहून ते उच्चारणे तर केवळ हास्यास्पद.

२/ नवव्या शतकाच्या सुमारास तिकाल, पालेंके यांसारखी दक्षिणेकडील नगरे ओस पडू लागली, हे खरे. परंतु तुलुमचा बहर १३व्या ते १५व्या शतकातला. म्हणजे ज्या ‘अंता’च्या सुरस कथा येथे सांगितल्या जातात, त्यानंतर चार शतकांनी हे बंदर भरभराटीस आले.

३/ तीन बाजूंना दगडी तट, चौथ्या बाजूला समुद्रकडा. तटाला पाच अरुंद दरवाजे. ‘तुलुम’चा अर्थच तट, जुने नाव ‘झामा’, म्हणजे पहाट, असे सांगतात. ग्वाटेमालातील ऑब्सिडियन, मीठ, मध, कापूस, कोको असा माल या किनाऱ्याने होड्यांतून फिरत असे. १५०२ मध्ये कोलंबसाला होंडुरासजवळ जी मालाने भरलेली मोठी होडी भेटली, ती याच जलव्यापारातली मानली जाते. तुलुमला केवळ ‘मंदिरांचे अवशेष’ म्हणणे म्हणजे एखाद्या गजबजलेल्या बंदराची ओळख त्यातल्या देवळांपुरतीच करून देणे होय.

४/ १५१८ मध्ये ग्रिहाल्वाच्या मोहिमेतील पाद्री हुआन दियाझ याने या किनाऱ्यावर सेव्हिलएवढे मोठे नगर पाहिल्याची नोंद केली. ते तुलुमच असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे १६व्या शतकातच तुलुम ओस पडले. यात गूढ काय? स्पॅनिशांबरोबर आलेली देवी, वेठबिगारी आणि सक्तीचे स्थलांतर. १५६२ मध्ये मानी येथे दिएगो दे लांदाने माया पोथ्यांची होळी केली. आज जगात अशा अवघ्या चार उरल्या आहेत. ज्या घटनेचे कर्ते नावानिशी ठाऊक आहेत, तिला ‘गूढ’ म्हणणे हा कर्त्यांवर केलेला उपकार आहे.

५/ आणि ही तर अर्धीच गोष्ट. १८४७ मध्ये युकातानच्या माया शेतकऱ्यांनी बंड पुकारले. जमिनी ऊसमळ्यांकडे चालल्या होत्या, करांचा आणि चर्चच्या देण्यांचा भार असह्य झाला होता. १८५० पासून ‘बोलत्या क्रुसा’भोवती या बंडखोरांचे चान सांता क्रूझ हे केंद्र उभे राहिले. १८७० च्या दशकात तुलुम हेही क्रुसाचे ठाणे होते आणि त्याची सूत्रे मारिया उइकाब या स्त्रीकडे होती. १९०१ मध्ये मेक्सिकन सैन्याने चान सांता क्रूझ घेतले; पुढच्याच वर्षी या मुलखाचे ‘किंताना रू’ असे नामकरण झाले, तेही एका मेक्सिकन राजकारण्याच्या नावावरून. लुप्त झालेले लोक अर्धशतक लढत होते!

६/ अज्ञानाची सबबही येथे चालत नाही. १८४२ मध्ये जॉन लॉइड स्टीफन्स आणि चित्रकार फ्रेडरिक कॅदरवुड तुलुमला आले. इजिप्शियन, फिनिशियन अशा कल्पना तेव्हा जोरात होत्या. स्टीफन्सने मात्र ही नगरे याच भूमीतील लोकांच्या पूर्वजांनी बांधली, असा निष्कर्ष काढला. पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका प्रवाशाला उमगलेले आजच्या तिकिटात बसू नये?

७/ मराठी वाचकांनी मात्र येथे फार हसू नये. ‘माया म्हणजे मयासुराचे वंशज’ हा संदेश आपल्याकडे आजही फिरतो. त्यामागे १९४० च्या ‘हिंदू अमेरिका’ या चमनलालांच्या पुस्तकासारखे लेखन आहे. पुरावा काय, तर नामसादृश्य! लुप्ततेची कथा माया लोकांचे वंशज हिरावून घेते, मयासुराची कथा त्यांचे पूर्वज. आपल्या देशातील लेण्यांचे श्रेय कोणी परक्याला दिले की संतापणाऱ्यांनी दुसऱ्याच्या वास्तूंवर अशी मालकी सांगावी, हे अशोभनीय आहे.

८/ युकातान द्वीपकल्पात आज सात लाखांहून अधिक लोक माया भाषा बोलतात. प्रवाशांची खोली झाडणारा, बस हाकणारा, तटाबाहेर नारळपाणी विकणारा यांपैकी अनेकांची ती मातृभाषा. दहा शब्द शिकवायला जहाजावर संध्याकाळ मोकळी असते. तेथे टकीलाची चव घेण्याचा कार्यक्रम होतो.

९/ अवशेषांच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर तुलुम गाव आहे. तेथे क्रुसाचे माया उपासनास्थान आजही आहे, रखवालीच्या पाळ्या आजही लागतात. जहाजाची बस उत्तरेकडून येते, अवशेषांपाशी थांबते आणि गावात न शिरताच माघारी वळते.