अर्धे राहिलेले वाक्य

अमरावती-अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये अवघ्या १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण करून झाला आणि त्याची नोंद गिनीज बुकात गेली. त्याच वऱ्हाडात माझ्या दवाखान्यात मात्र राउटर आणि नवा कोरा लॅपटॉप यांच्यातले पंधरा फुटांचे अंतर काही केल्या जुळेना. हा विषय आरोग्याच्या पाक्षिकात कशासाठी, असे आपणास वाटेल. त्याचे कारण सांगतो.

अकोल्याकडच्या वृद्ध रुग्णांना मे महिन्याच्या उन्हात फेरतपासणीसाठी यावे लागू नये, म्हणून मी गेल्या उन्हाळ्यात लॅपटॉप घेतला. दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम देशात मार्च २०२० मध्येच जाहीर झाले होते. एके दुपारी रक्तदाबाच्या एक जुन्या रुग्ण, वयाने सत्तरीच्या आजी, पडद्यावर आल्या. ‘डॉक्टरसाहेब, राती आडवं झालं का...’ एवढे त्या म्हणाल्या आणि चित्र गोठले. मी वाय-फाय बंद-चालू केले, यंत्र पुन्हा सुरू केले. तिसऱ्यांदा जोडणी मिळाली, तोवर माझा संयम सुटला होता. गोळ्या नियमित घेता ना, एवढेच विचारून मी संभाषण आटोपले.

रात्री नोंदवही चाळताना ते अर्धे वाक्य मला टोचू लागले. साध्या फोनवरून विचारले. उत्तर आले, ‘राती आडवं झालं का दम भरते जी, दोन उशा लागतात.’ पायांवर सूजही होती. ही हृदय दुबळे होत असल्याची लक्षणे असू शकतात. त्याच रात्री त्यांना अकोल्यात रुग्णालयात दाखल करविले आणि उपचार वेळेत सुरू झाले. आज त्या बऱ्या आहेत. परंतु माझ्या चिडचिडीने त्यांचा घात होऊ शकला असता, हे मी विसरू शकत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी यंत्राकडे रुग्णाप्रमाणे पाहू लागलो. दर वेळी यंत्र बंद-चालू करणे म्हणजे निदान न करता वेदनाशामक गोळी देणे होय. त्रास कोठे होतो, केव्हा होतो, कशाने वाढतो, हे तीन दिवस लिहून काढले. त्याच जागी मोबाइलही जोडून पाहिला. तपासणीच्या खोलीत मोबाइलही अडखळत असे. म्हणजे तेथे दोष वाटेतील अडथळ्याचा. बैठकीत मोबाइल सुरळीत चाले. लॅपटॉप मात्र काही मिनिटे हात न लागल्यास जोडणी सोडून देई. म्हणजे तो दोष लॅपटॉपचाच.

अडथळा आपल्या वऱ्हाडी घरांतला नेहमीचाच निघाला. राउटर आणि माझी खोली यांच्यामध्ये पत्र्याचा मोठा कूलर उभा होता. धातू या लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेते. कूलरमध्ये दोन्ही असतात. राउटर उंचावर, मोकळ्या जागी हलविला. शिवाय २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींतून अधिक दूर जाते, पण शेजारची राउटरे, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांचा तिला उपद्रव होतो. ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते, पण भिंतींनी लवकर क्षीण होते. दुसरा दोष वीजबचतीच्या सोयीचा होता. विजेची बचत करण्यासाठी लॅपटॉप वाय-फायचा भागच झोपवीत असे. जाणकाराने ती सोय बंद केली आणि त्या भागाचा ड्रायव्हर अद्ययावत केला.

आता आपल्या प्रकृतीविषयी. त्या दुपारी मी स्वतःचा रक्तदाब मोजला, तो १५४/९६ भरला. दुसऱ्या सकाळी १२८/८२. संतापात ॲड्रेनॅलिन वाढते, नाडी व दाब चढतात. म्हणून अशा वेळच्या एका आकड्यावरून घाबरू नये आणि गोळ्याही बदलू नयेत. चहा, कॉफी, तंबाखू यांनंतर अर्धा तास जाऊ द्यावा. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. घरी शांतपणे मोजूनही आकडा वारंवार १३५/८५ किंवा त्याहून अधिक येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

जोडणी तुटली की प्रथम कळफलकावरून हात काढावेत, उठावे, पाणी प्यावे, दोन मिनिटे संथ श्वास घ्यावा. डॉक्टरांशी पडद्यावर बोलण्यापूर्वी परस्परांचे फोन क्रमांक लिहून ठेवावेत आणि सांगावयाच्या तक्रारी कागदावर उतरवाव्यात. सर्वांत काळजीची तक्रार सर्वांत आधी सांगावी. छातीत दुखणे, दम लागणे, एका बाजूची शक्ती जाणे किंवा बोबडी वळणे, यांपैकी काही असेल तर पडद्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

जोडणी आजही अधूनमधून तुटते. ती पुन्हा मिळाली की माझा पहिला प्रश्न आता ठरलेला असतो : ‘तुमचं कोणतं वाक्य अर्धं राहिलं?’