इंग्रजी लेखनांतील संयोगचिन्ह

निबंधांच्या वह्या परत मिळाल्या कीं, एका लहानशा आडव्या रेघेविषयीं तक्रारी सुरू होतात. एकानें 'वेल नोन ऑथर' असें रेघेवांचून लिहिलें म्हणून त्याचा गुण गेला. दुसऱ्यानें 'ब्यूटिफुली-बाउंड बुक' असें लिहिलें, तर त्याचा रेघ घातली म्हणून गेला! घरीं वडील मंडळीहि विचारतात, एवढ्याशा रेघेचें इतकें स्तोम कशाला?

आमच्या मतें ही रेघ क्षुल्लक नाहीं. परंतु तिचे नियम घोकून तिचें मर्म कळत नाहीं. एखाद्या जाहिरातींत 'ए लिटल यूज्ड बायसिकल' असे शब्द आहेत असें समजा. ही सायकल लहान व वापरलेली आहे, कीं फारशी न वापरलेली, म्हणजे जवळजवळ नवी आहे? 'लिटल' व 'यूज्ड' यांमध्यें रेघ घातली कीं दुसरा अर्थ निश्चित होतो. मुलासाठीं सायकल घेणाऱ्या पित्यास या रेघेची किंमत रुपयांत मोजतां येईल. 'मोअर एक्स्पीरिअन्स्ड टीचर्स' याचेंहि तसेंच. अनुभवी शिक्षक आणखी हवेत, कीं अधिक अनुभव असलेले हवेत? 'अधिक अनुभवी शिक्षक' असें मराठींत लिहिलें तरी हाच घोटाळा होतो. बोलतांना आवाजाचा जोर तो मिटवितो. कागदाला आवाज नसतो.

'वेल-नोन ऑथर' यांत दोन शब्द मिळून नामापूर्वीं एकच विशेषण होतें, म्हणून रेघ. 'दि ऑथर इज वेल नोन' येथें ती सहसा गाळतात. 'ब्यूटिफुली' सारखें 'ली'कारान्त क्रियाविशेषण पुढील शब्दाशीं असलेला आपला संबंध स्वतःच सांगतें. तेथें रेघ व्यर्थ होय. मात्र 'फ्रेंड्ली' हें 'ली'नें संपत असलें तरी विशेषण आहे, म्हणून 'फ्रेंड्ली-लुकिंग डॉग' यांत ती येतेच! आमच्या मुलांना हें अवघड वाटतें यांत नवल नाहीं. 'सुप्रसिद्ध लेखक' म्हणतांना 'सु' पुढील शब्दांत मिसळून गेलेला असतो. जोडावयाचें कांहीं उरतच नाहीं.

इ. स. २००७ मध्यें 'शॉर्टर ऑक्सफर्ड' कोशाच्या सहाव्या आवृत्तींत सुमारें १६,००० शब्दांतील संयोगचिन्हें गाळण्यांत आलीं, हें कांहीं चतुर विद्यार्थी आम्हांस ऐकवितात. पण 'आइस क्रीम' मधील रेघ गेल्यानें कोणी फसत नाहीं. सायकलीची गेली तर फसतो.

म्हणून गुरुजनांस आमची विनंति अशी कीं, रेघेवांचून अर्थ फिरत असेल तेथें गुण अवश्य कापावा. 'वेल नोन ऑथर' येथें तांबड्या शाईची खूण पुरे.