राख उकिरड्यावर, सिमेंट चंद्रपूरहून

दिवाळी उलटली की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, रेडणीचा नीरा-भीमा अशी एवढ्याशा टापूत कारखान्यांची दाटी आहे. उसापासून साखर, बगॅसपासून वीज, मळीपासून इथेनॉल. उसाचे काहीच वाया जात नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. ते पूर्णपणे खरे नाही. बॉयलरखाली उरणारी राख बऱ्याचदा खड्डे बुजवण्यास, वीटभट्टीला किंवा बांधाकडेला ढीग लावण्यासच जाते.

एक टन उसामागे ही राख साधारण सहा किलो निघते. आकडा क्षुल्लक वाटेल. पण दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याचा हिशेब सहा हजार टनांवर जातो. त्या राखेत निम्म्याहून अधिक सिलिका असते. सिमेंट पाण्याने भिजले की त्यातून चुना मोकळा होतो. पुरेशी बारीक केलेली सिलिका त्या चुन्याशी संयोग पावून काँक्रीटला अधिक घट्ट करते. आपल्या जुन्या वाड्यांच्या आणि घाटांच्या बांधकामात चुन्यामध्ये विटांची सुरखी मिसळत, ती याच गुणासाठी. ज्ञान जुनेच आहे, केवळ पदार्थ नवा.

सिमेंटसाठी लागणारी चुनखडी आपल्या भागात नाही. तिच्या खाणी चंद्रपूर-यवतमाळ, कलबुर्गीकडे. तेथे ती सुमारे १४५० अंश तापमानाला भाजली जाते आणि या व्यवहारात हवेत जाणारा कर्बवायू जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या सात-आठ टक्के भरतो. एखाद्या शेतकऱ्याच्या घराला चारशे पोती सिमेंट लागत असेल आणि त्यातील पंधरा टक्के जागा राखेने घेतली, तर साठ पोती वाचतात. ही बचत कोणाला नकोशी होईल?

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. ढिगावरची राख घमेल्याने उचलून स्लॅबच्या मालात टाकणे हा शुद्ध अविचार होय. बगॅस अर्धवट जळते, राखेत काळे तंतू राहतात. ते पाणी पितात आणि काँक्रीट कमकुवत करतात. आयआयटी मद्रासमधील संशोधकांनी २०१५ साली मांडलेला उपाय साधा आहे : राख चाळून जाड तंतू वेगळे काढावेत आणि उरलेली सिमेंटइतकी बारीक दळावी. दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे. आसवनीतील सांडपाणी जाळणाऱ्या बॉयलरची राख यात कदापि मिसळू नये. तिच्यातील पालाश व क्षार खतास उपयोगी, पण लोखंडी गजांना घातक.

मग अडते कोठे? केंद्र सरकारने १९९९ साली औष्णिक वीज केंद्रांच्या राखेबाबत अधिसूचना काढून परिसरातील वीटभट्ट्यांना ती वापरणे भाग पाडले. आज फ्लाय ॲश घातलेले सिमेंट घरोघरी पोहोचले आहे. काँक्रीटच्या २००० सालच्या आयएस ४५६ या मानकात भाताच्या तुसाच्या राखेचे नाव आले. उसाच्या राखेचे मात्र आले नाही. मानकात नाव नसले की सरकारी अभियंता सही करीत नाही, सही नाही म्हणून मागणी नाही, आणि मागणी नाही म्हणून कारखाना चाळणीवर पैसा घालत नाही. अभियंत्याला दोष देण्यात अर्थ नाही. पूल खचला तर जबाबदार तोच धरला जातो.

विशेष म्हणजे याच इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरात साखर कारखान्यांची आणि सिमेंट कारखान्यांची, दोन्हींची यंत्रे घडली. ज्या मातीत ही दोन्ही शास्त्रे शेजारी नांदली, तेथे चाळणी आणि दळणाची गिरणी उभारणे अवघड असू नये. प्रत्येक कारखान्याने वेगळी चूल मांडण्याऐवजी चार-पाच कारखान्यांनी मिळून एक केंद्र काढावे. दर खेपेची राख परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपासावी. प्रारंभ घरांच्या स्लॅबपासून नको, तर पेव्हिंग ब्लॉक, गटारीचे पाट, शेतचाऱ्यांचे अस्तरीकरण अशा कामांपासून करावा. त्यांचे दोन-तीन पावसाळ्यांतले निष्कर्ष हाती घेऊन मानक ब्युरोकडे जाता येईल.

कारखान्यांच्या वार्षिक सभांत ऊसदरावर तासन् तास वादळ उठते, आणि ते उठलेच पाहिजे. सभासदांनी याच सभेत संचालकांना एवढेच विचारावे, की गेल्या हंगामाची राख किती निघाली आणि ती गेली कोठे?