जखम भरते, पण माणूस?



‘चंदू चॅम्पियन’ (2024) हा कबीर खान यांचा चित्रपट आम्ही तेल्हाऱ्यात घरच्या टीव्हीवर सहकुटुंब पाहिला. कथा खरी आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर फौजेत ईएमईमध्ये होते, मुष्टियुद्ध खेळत. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचार म्हणून पोहणे सुरू झाले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाईलचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. देशाचे ते पहिले वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मात्र 2018 मध्ये, 46 वर्षांनी!

चित्रपटात गाणी, धावपळ भरपूर. कार्तिक आर्यन यांची मेहनतही दिसते. पण आमच्या मनाला भिडला तो दवाखान्यातला भाग. मुरली खचतो तेव्हा त्याला सावरतात ते प्रशिक्षक टायगर अली आणि दवाखान्यातला साधा कर्मचारी टोपाज. औषधाइतकीच सोबतही कामी येते.

आजारी भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतः आंघोळ घातली, ही कथा आपण विहारात ऐकतो. महार रेजिमेंटचा अभिमानही आपण सांगतो. 14 एप्रिलला माजी सैनिकाला शाल देतो, टाळ्या वाजवतो. पण एरवी त्याच्या ओट्यावर जाऊन कोण बसते? त्याच्या पेन्शनचे कागद कोण भरून देते? रात्री त्याला झोप लागते का, हे कोण विचारते?

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर अशा एका तरी घरी जाऊ. शाल नको, विचारपूस करू.