1908 सालचं दुसरं पुस्तक

रामनवमीच्या आठवड्यात शिर्डीत कुरिअरवाला आमच्या गल्लीपर्यंत येत नाही. पालख्या, पायी आलेली माणसं, बाहेरगावच्या गाड्या, यातून त्याने यावं तरी कसं? म्हणून मीच नगर-मनमाड रोडपर्यंत चालत गेलो आणि पार्सल घेऊन आलो. आत एक रिप्रिंट होतं. मेजर आर. एम. बेथम यांनी लिहिलेलं, मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्यावरचं पुस्तक. कव्हरवर तलवार, ढाल आणि मागे धुक्यातला किल्ला. हे चित्र प्रकाशकाच्या डिझायनरचं. 1908 साली कलकत्त्याच्या सरकारी छापखान्यातून आलेल्या पुस्तकाला असं कव्हर असायचं काही कारण नव्हतं.

हे पुस्तक मी का मागवलं ते सांगतो. आम्हा ट्रेकवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. किल्ले, मोडी, जुनी नाणी असलं सगळं तिथे चालतं. तिथे एकाने या पुस्तकाच्या एका पानाचा फोटो टाकला. मराठ्यांच्या काटकपणाचं कौतुक असलेल्या ओळी पिवळ्या केलेल्या आणि खाली लिहिलेलं, "शत्रूनेही मान्य केलंय." दीडशे लोक, तेवढेच भगवे झेंडे. मी पण टाकला. पुस्तक आल्यावर आधी कुळांची यादी काढली, आपलं आडनाव शोधलं, सापडलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मग पुढची पानं वाचली.

हे पुस्तक इतिहासाचं नाही. त्यात इतिहास आहे, कुळं आहेत, सणवार आहेत, पण ते ज्या मालिकेतलं आहे ती मालिका इंडियन आर्मीच्या हॅंडबुकांची. शीख, गुरखा, राजपूत, डोगरा, प्रत्येकावर एकेक. हॅंडबुक कुणासाठी, तर भरती करणाऱ्या आणि पलटण सांभाळणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यासाठी. कुठल्या भागातला माणूस घ्यायचा, तो काय खातो, काय पाळतो, कशाने बिथरतो, हे त्याला खिशात हवं होतं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ही कॉन्फिग फाइल आहे. सिस्टिम कशी चालवायची हे त्यात लिहिलेलं असतं, सिस्टिममधल्या माणसांचा गौरव नसतो.

शिर्डीजवळ लोणीला जनावरांचा बाजार भरतो. तिथे गिऱ्हाईक बैलाचे दात बघतो, पाठीवर थाप मारतो, "जनावर खणखणीत आहे" म्हणतो. बैलाने ते वाक्य फ्रेम करून गोठ्यात लावल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही.

आणि हे गिऱ्हाईक तरी आपल्यावर खूश होतं का? 1857 नंतर ब्रिटिशांनी 'लढवय्या जाती' नावाची जी थिअरी रचली, तिचा मोठा पुरस्कर्ता लॉर्ड रॉबर्ट्स. 1885 ते 1893 तो हिंदुस्थानचा सरसेनापती होता. त्याचं मत असं की खरे लढवय्ये उत्तरेत, आणि मुंबई-मद्रासच्या पलटणी आता मऊ पडल्यात. म्हणजे ज्या थिअरीचं सर्टिफिकेट आपण ग्रुपवर फिरवतोय, तिनेच मराठी पलटणींना दुय्यम ठरवलं होतं. त्याच धोरणात 1890 च्या दशकात महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनीच्या फौजेत नोकरी केली, पेन्शनी खाल्ल्या, त्यांना एका फटक्यात 'लढवय्ये नाहीत' असं सांगण्यात आलं. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली थेट भारतमंत्र्याकडे अर्ज केला की आम्हाला सैन्यात आणि पोलिसात घ्या. पुढे 1917 मध्ये महायुद्धात माणसं कमी पडायला लागली, तेव्हा 111 वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, माणसं नकोशी झाली, 1921 मध्ये ती मोडली. जातीचा लढवय्येपणा चार वर्षांत येतो आणि जातो? गरज येते आणि जाते.

जे यादीत होते त्यांचं काय झालं, तेही बघा. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधले मराठा सैनिक आजच्या इराकमध्ये कुत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकले. जवळपास पाच महिने उपासमार, आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागती. ग्रुपवर या तारखेला मला एकही पोस्ट दिसलेली नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे, जरा जास्त अभिमान वाटला, त्यात कुणाचं काय गेलं? म्हणून आता दुसऱ्या पुस्तकाकडे येतो.

त्याच 1908 साली मुंबईच्या सरकारी छापखान्याने आणखी एक पुस्तक काढलं. लेखक मायकेल केनेडी, मुंबई इलाख्याच्या पोलिसातला वरिष्ठ अधिकारी. विषय, मुंबई इलाख्यातल्या गुन्हेगार जाती. हेही हॅंडबुकच, फक्त पोलिसासाठी. रचनाही ओळखीची. हे लोक कुठे राहतात, कसे दिसतात, कुठली बोली बोलतात, काय घालतात, कसे फिरतात. बेथमच्या पुस्तकात हा सगळा तपशील माणूस भरती करण्यासाठी आहे, केनेडीच्या पुस्तकात माणूस पकडण्यासाठी. पारधी, कैकाडी, भामटा, रामोशी, मांग-गारुडी. तीन वर्षांनी, 1911 च्या कायद्याने, गुन्हेगार जमाती कायद्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली आणि नोंदणी, हजेरी, सोलापूरसारख्या ठिकाणची तारांची वसाहत हे सगळं या लोकांच्या वाट्याला आलं.

गडप्रेमींनी इथे जरा थांबावं. यातले रामोशी म्हणजे आपल्या किल्ल्यांचे राखणदार. उमाजी नाईकांच्या घराण्याकडे पुरंदरची राखण होती. इंग्रजांनी 1832 मध्ये उमाजींना फाशी दिलं आणि पाऊणशे वर्षांनी त्यांच्या अख्ख्या जातीला पोलिसांच्या पुस्तकात बसवलं. आपण गडावर जाऊन ज्या तटाला नमस्कार करतो, त्या तटावर रात्रभर जागणारा माणूस या दुसऱ्या यादीत आहे. 'शत्रूनेही मान्य केलंय' हे वाक्य आता पुन्हा म्हणून बघा. शत्रूने हेही मान्य केलंय. मग हेही खरं धरायचं?

केनेडीचं पुस्तकही पुन्हा छापलं गेलं आहे. तेही विकत मिळतं, आणि तेही लोक 'दुर्मीळ ऐतिहासिक दस्तऐवज' म्हणूनच घेतात.

माझा कॉलेजचा रूममेट नगर जिल्ह्याच्या (आता अहिल्यानगर) दक्षिणेकडचा, पारधी समाजातला. आज एका बॅंकेच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, कोड माझ्यापेक्षा चांगला लिहितो. कुठे मोठी यात्रा असली की आठवडाभर आधी त्याच्या वडिलांना ठाण्यात बोलावून बसवून ठेवायचे. आरोप काही नाही, नुसतं बसवायचं. तो दहावीला होता तेव्हापर्यंत हे चाललं होतं. हॉस्टेलवर पहिल्या वर्षी कुणाचा तरी मोबाइल हरवला तेव्हा सगळ्यांच्या बॅगा तपासल्या. त्याची दोनदा. दुसऱ्यांदा तपासणाऱ्यांत मी होतो.

गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. त्याच्या जागी 'सराईत गुन्हेगारां'चे कायदे आले, मुंबई राज्यातला 1959 चा. नाव बदललं, वही तीच राहिली. जुनी मॅन्युअलं मेलेली असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी 3 ऑक्टोबर 2024 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघावा. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर कोर्टाने अनेक राज्यांच्या तुरुंग मॅन्युअलमधले जातीवर आधारलेले नियम रद्द केले. कुणी झाडायचं, कुणी स्वयंपाक करायचा, हे जातीवरून ठरवणारे नियम. कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितलं. हे 2024 आहे. मॅन्युअल नावाचा कागद फार चिवट असतो.

मग ही पुस्तकं छापूच नयेत का? छापा की. मी 1884 चं नगर जिल्ह्याचं गॅझेटियर तासन् तास वाचू शकतो. पिकं, विहिरी, बाजार, तेव्हा नुकतीच झालेली दौंड-मनमाड रेल्वे, हे सगळं वाचताना आपल्या गावाखालची जमीन दिसायला लागते. माझा राग छापण्यावर नाही. तो या रिप्रिंटवर आहे. माझ्या प्रतीत मूळ मुखपृष्ठाचं पान नाही. कुणाच्या हुकुमाने लिहिलं, कुणाला वाटलं, हे ज्या पानावर असतं तेच गायब. प्रस्तावना नाही, एक तळटीप नाही, स्कॅन करून छापलेल्या मजकुरात गावांची नावं फुटलेली. कोडमधून कमिट हिस्टरी पुसून टाकावी, तसं. कुणी, कधी, कशासाठी लिहिलं हे गेलं की उरतं ते फक्त 'सत्य', आणि सत्याचा स्क्रीनशॉट काढता येतो.

मराठीत हे असं नव्हतं. राजवाड्यांनी 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली, तेव्हा कागदांच्या आधी प्रस्तावना, आणि ती कधी कधी पुस्तकाएवढी. त्यातल्या मतांवर तेव्हा लोक चिडायचे, आज मीही चिडतो, जातीबद्दलची त्यांची काही मतं तर गिळवत नाहीत. पण चिडायला समोर सही करून उभा असलेला माणूस होता. सरदेसायांनी 1930 नंतर पेशवे दफ्तराचे 45 खंड संपादित केले, कागद निवडले, विषय लावले, तारखा लावल्या. पगार घेऊन किंवा पदरमोड करून माणसांनी डोळे फोडून केलेली ही कामं. आता पीडीएफ उचलायची, तलवारीचं कव्हर चढवायचं आणि ऑर्डर आली की एक प्रत छापायची. या धंद्यात संपादक हा वाचवलेला खर्च आहे.

आपणही कमी नाही. ग्रुपमध्ये मी केनेडीच्या पुस्तकाची माहिती टाकली. रामोशी आणि पुरंदरचंही लिहिलं. एकाने विचारलं, "हे इथे कशाला?" दुसऱ्याने लिहिलं, इंग्रजांच्या पुस्तकांवर कशाला विश्वास ठेवायचा, त्यांनी आपल्यात फूट पाडायला लिहिली ती. हाच मुलगा होता तो, पिवळ्या ओळींचा फोटो टाकणारा. अ‍ॅडमिनने मला समजावलं की ग्रुप इतिहासाचा आहे, राजकारण नको.

लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' ही दोन्ही पुस्तकं मराठीत चाळीसेक वर्षं आहेत, दोघांनाही साहित्य अकादमी मिळालंय. केनेडीच्या यादीतल्या माणसांच्या घरात आतून काय चाललं होतं ते तिथे आहे. दोन्ही प्रतींची लिंक ग्रुपवर टाकली. दोन अंगठे आले.

केनेडीचं पुस्तकही मी मागवलं. ते शिर्डीला नाही, पुण्याच्या फ्लॅटवर आलं. रूममेट त्या शनिवारी आला होता. त्याने अनुक्रमणिका काढली, बोट ठेवत खाली गेला आणि एका पानावर थांबला. मी चहा करायला आत गेलो. बाहेर आलो तर तो अजून तेच पान वाचत होता. म्हणाला, "कपडे बरोबर लिहिलेत. आजी असंच नेसायची." मग विचारलं, "नेऊ का? आबांना दाखवतो."

त्याला पाच महिने झाले. पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे, आणि मी मागितलेलं नाही.